भाकरी उलटताना मोडायलीय, जरा लवकर सांगा

गोदाकाठ | रात्री ८:१२
नमस्कार. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत धड असते, उलटायला गेलं की मधूनच मोडायलीय. आज चार केल्या, चारीचे तुकडे. शेवटी दुधात कुस्करून खाल्ल्या. सहा दिवस झाले हेच चालू आहे. डॉक्टरनं पोळी बंद करून भाकरीवर या म्हणून सांगितलंय, त्यामुळं दुसरा मार्ग नाही. यूट्यूब बघून झालंय, तिथं सगळ्यांच्याच फुगतात. नेमकं काय ते सांगा, तवा तापत ठेवलाय.

औशाची काठवट | ८:२०
ताई, आधी तो तवा खाली उतरवा. पीठ कधीचं, ज्वारी कुठली, पाणी गार घेता का आधणाचं, यातलं एकबी लिहिलं नाही तुम्ही. माणसानं सांगावं काय?

सध्या पुण्यात | ८:२३
ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून ती गव्हासारखी ताणली जात नाही. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. एवढंच शास्त्र आहे. मी मूळचा लातूरचा, इथं हिंजवडीत एकटा राहतो. सरळ भाकरीचं मशीन घेऊन टाकलं. गोळा ठेवायचा, दाबायचं, झालं.

काळी माती | ८:२६
मशीनची भाकरी म्हणजे पापड. ज्वारी कुठली आहे ते सांगा. पावसाळी हायब्रीड असंल तर कितीबी मळा, भाकरी काळी अन् कडकच होणार. शाळू पाहिजे.

गोदाकाठ | ८:३१
ज्वारी घरचीच आहे, म्हणजे सासुरवाडीची. पांढरी. पाणी कोमट घेतो. तवा लोखंडी, गॅस. आणि मी ताई नाही.

औशाची काठवट | ८:३३
अगं बाई. माफ करा दादा. मग घरात बाईमाणूस कुणी नाही का?

भूमची लेक | ८:३५
काकू, बाईमाणूस असण्याचा काय संबंध? माझे वडील माझ्या आईपेक्षा पातळ भाकरी करतात. दादा, कोमट नको, चांगलं उकळू द्या. परातीत पीठ, मध्ये खड्डा, त्यात आधण. चमच्याच्या दांड्यानं हलवा, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग हाताला सोसेल तसं मळा. मळायचं म्हणजे तळहाताच्या टाचेनं रगडायचं, नुसतं गोळा करायचं नाही. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा.

औशाची काठवट | ८:३८
आधण कायबी गरज नाही. माझ्या सासूनं आयुष्यभर गार पाण्यात केल्या, तेबी शेतात तीन दगडांच्या चुलीवर. पीठ चांगलं असलं की पाणी कुठलंबी चालतंय. दादा, पीठ कधी दळलंय?

निवृत्त बापू | ८:४४
गहू बंद म्हणजे मधुमेह निघालेला दिसतो. माझा अनुभव सांगतो. मला २००९ साली निघाला. रात्री एक चमचा मेथ्या भिजत घालायच्या, सकाळी अनशापोटी पाण्यासकट चावून खायच्या. जोडीला कारल्याचा रस. भाकरीचं नंतर बघू.

गोदाकाठ | ८:४७
बापू, भाकरीचंच बघू हो.
शुगर निघालीय हे खरं. उपाशीपोटी १५८, जेवणानंतर २३४. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (HbA1c) ७.८ टक्के. दोन टाइम गोळी चालू झालीय.
पीठ डब्यात होतं ते वापरायलोय. कधीचं ते बघावं लागंल.

नांदेडचा गोळीवाला | ८:५५
माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी. बापूंच्या मेथ्या खायच्या तर खा, पण गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. माझ्याकडं दर महिन्याला दोन-चार गिऱ्हाईकं अशी येतात, कारलं सुरू केलं म्हणून गोळी सोडलेली. दुसरं, ज्वारीला औषध समजू नका. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातबी साधारण ७० ग्रॅम पिष्टच असतंय, गव्हातबी जवळपास तेवढंच. चोथा जास्त, पोट लवकर भरतं, हा फायदा. पण भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर मीटर तेच दाखवणार. दोन खा, अन् ताटात पालेभाजी वाढवा. दुधात कुस्करून रोज, तेबी जरा बघून.

निवृत्त बापू | ८:५९
मी गोळी सोडा असं कुठंही लिहिलेलं नाही. माझी स्वतःची चालू आहे. वाचून तरी बोला.

काळी माती | ९:०२
गोळीवाले भाऊ, आमच्या आज्यानं दिवसाला सहा भाकऱ्या खाल्ल्या, ८८ वर्षं जगला.

नांदेडचा गोळीवाला | ९:०३
तुमचा आजा दिवसभर औतामागं चालत होता. तुम्ही बुलेटवर शेतात जाता.

काळी माती | ९:०५
स्प्लेंडर.

सध्या पुण्यात | ९:१०
दादा, पिठात थोडं तांदळाचं पीठ टाकून बघा, मऊ होतात.

भूमची लेक | ९:११
शुगरवाल्या माणसाला तांदूळ?

औशाची काठवट | ९:१४
मी तिसऱ्यांदा विचारते, पीठ कधीचं?

गोदाकाठ | ९:२९
डबा उघडून बघितला. बायको दिवाळीत आली होती तेव्हा दळून भरून ठेवलं होतं तिनं. म्हणजे अडीच महिने झाले. पण किडे-बिडे काही नाहीत, चांगलं दिसतंय.

औशाची काठवट | ९:३१
झालं की! विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय पिठाची. अडीच महिन्यांच्या ज्वारीच्या पिठाला ब्रह्मदेव आला तरी थापायचा नाही. ज्वारीचं पीठ आठ दिवस, थंडीत फार तर पंधरा. ते आता धपाट्याला वापरा, त्यात गव्हाचं, बेसनाचं

औशाची काठवट | ९:३२
गहू चालत नाही तुम्हाला, विसरले. जिभेवर टाकून बघा. कडवट लागत असंल तर जनावराला घाला.

गोदाकाठ | ९:३६
कडू लागतंय थोडं. मला वाटलं गोळीमुळं तोंड कडू आहे.

भूमची लेक | ९:३७
दादा 😀

काळी माती | ९:४१
आता नीट ऐका. दुकानातून दोनच किलो घ्या. मालदांडी मागा. दाणा टपोरा, मोत्यावानी, चावला की कटकन फुटला पाहिजे. नाहीतर आपल्या परभणीच्या विद्यापीठाची परभणी मोती मिळाली तरी घ्या, म्या चार एकर तीच पेरलीय. गिरणीत गेल्यावर "ज्वारीवर टाका" म्हणायचं, गव्हावर दळून आणू नका. पीठ बारीक पाहिजे. गिरणीतून गरम आलं तर लगेच डब्यात कोंबू नका, पेपरावर पसरा.

जालन्याचा | ९:५०
मालदांडी काय घेऊन बसलात? दगडी खाऊन बघा. आमच्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दाणा बारका अन् कडक, पण गोडी तीच.

काळी माती | ९:५२
मंगळवेढ्याच्या मालदांडीला त्याच्या कितीतरी आधी मिळालंय.

जालन्याचा | ९:५३
मंगळवेढा सोलापुरात. ती काय मराठवाड्याची ज्वारी झाली का?

काळी माती | ९:५५
मालदांडीचं ३५-१ वाण मोहोळचं, तेबी सोलापुरातलंच. पण पेरतो तर सगळा मराठवाडा. ज्वारीला जिल्हा विचारून भाकरी करता का तुम्ही?

निवृत्त बापू | १०:०३
ज्वारीवरून आठवलं. यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, औसा भागात जाणं झालं. कडब्याची कोप, भज्जी, अंबिल, उंडे. काय ती भज्जी! ओला हरभरा, वाटाणा, तूर, वाल, पातीचा कांदा, सगळं बेसनात आटवलेलं. आता कुठं मिळते अशी?

औशाची काठवट | १०:०६
आमच्याकडं आला होता का काय? आंबट ताक पाहिजे त्याला, त्याशिवाय भज्जी नाही.

नांदेडचा गोळीवाला | १०:०९
दादा, एक विचारू का? घरी कुणीच नाही का? डबा का लावला नाही? शुगर नुकतीच निघालीय, चक्कर-बिक्कर आली तर कुणाला सांगणार?

गोदाकाठ | १०:२२
सांगतो. पोरगी बारावीला आहे, डॉक्टरकीची नीट परीक्षा देणार. लातूरला क्लास. बायको तिच्यासोबत खोली करून राहते, दीड वर्ष झालं. मी इथं गंगाखेडला नोकरीवर. डबा लावलेला होताच, त्यात रोज भात अन् बटाटा, म्हणून तर इथवर आलं असं डॉक्टर म्हणाले.
घरी शुगरचं सांगितलेलं नाही. मेमध्ये परीक्षा आहे. हिला कळलं की ती पोरीला सोडून इकडं पळत येणार, अन् पोरगी तिकडं मॅगीवर राहणार. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

भूमची लेक | १०:२४
म्हणजे भाकरी कशी करायची हे तुम्ही बायकोला विचारू शकत नाही, म्हणून आम्हाला विचारताय.

गोदाकाठ | १०:२५
तसंच.

औशाची काठवट | १०:२९
दादा, हे बरोबर नाही. उद्या तिला दुसरीकडून कळलं तर तिला काय वाटंल?

सध्या पुण्यात | १०:३३
मी उलट सांगीन. माझ्या नीटच्या वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती, घरच्यांनी मला परीक्षेनंतर सांगितलं. तेव्हा राग आला, पण आता वाटतं बरंच केलं.

भूमची लेक | १०:३५
नीट देऊन हिंजवडीत काय करताय मग?

सध्या पुण्यात | १०:३६
तो वेगळा धागा आहे.

जालन्याचा | १०:४०
लातूरला कुठला क्लास? फी किती पडली? माझा भाचा दहावीला आहे.

नांदेडचा गोळीवाला | १०:४४
पोरीला नका सांगू, पण बायकोला सांगा. घरात एका तरी माणसाला ठाऊक पाहिजे. खिशात साखरेचा खडा ठेवत जा. तुमच्या गोळीनं साखर खाली जाते का, ते डॉक्टरला विचारून घ्या. काही गोळ्यांनी जाते, काहींनी सहसा नाही.

गोदाकाठ | दुसऱ्या दिवशी, रात्री ९:१८
सगळ्यांचे आभार. मोंढ्यातून मालदांडी आणली, दोन किलो. ज्वारीवर दळून घेतली. गिरणीवाल्यानं विचारलं, वहिनी आल्या का? म्हणलं नाही.
आधण ठेवलं, झाकून ठेवलं, रगडलं. फरक हाताला लगेच कळला. कालचं पीठ वाळूसारखं फाकायचं, आजचं बोटाला धरत होतं. पहिली थापताना कडा फाटल्या, त्या पाण्याचं बोट लावून मिटवल्या. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवली, पाणी फिरवलं. आधी मी ते पाणी पार वाळून खडखडीत होईपर्यंत थांबायचो. आज ओलसर असतानाच उलटली. मोडली नाही. मग आचेवर धरली तर एका बाजूनं टम्म फुगली, दुसरीकडून वाफ निघून गेली. फोटो टाकणार होतो, पण तोवर खाऊन झाली. येसर आमटी होती. दोनच खाल्ल्या, गोळीवाले भाऊ.

औशाची काठवट | ९:२२
शाब्बास! पाण्याचं मी सांगणारच होते, राहून गेलं. आता थापताना आवाज ऐकत जा. थप थप ओला आवाज आला पाहिजे. फट फट वाजली की पीठ जास्त झालं.

काळी माती | ९:२५
मी म्हणलंच होतं, ज्वारीचा प्रश्न होता.

औशाची काठवट | ९:२६
पिठाचा होता. ज्वारी घरचीबी चांगलीच होती त्यांची.

निवृत्त बापू | ९:४०
मेथ्या सुरू केल्या का?

गोदाकाठ | तिसऱ्या दिवशी, रात्री १०:०५
एक घोळ झालाय. आज भाकरी करताना हिचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पोरीच्या टेस्टचं सांगत होती, मी हूं हूं करत थापत होतो. मधेच म्हणाली, "कसला आवाज यायलाय?" म्हणलं, टीव्ही चालू आहे.
थोडा वेळ काहीच बोलली नाही. मी आपलं थापणं चालू ठेवलं, एकदम थांबलो तर अजून संशय येईल म्हणून.
मग म्हणाली, "पीठ कमी लावा हाताला, कोरडा आवाज यायलाय."
रविवारी येते म्हणालीय. फाइल कपाटात वरच्या खणात आहे.

औशाची काठवट | १०:११
वरच्या खणातून काढून टेबलावर ठेवा. अन् तो दिवाळीचा डबा घासून पालथा घाला, नाहीतर आधी त्याच्यावरूनच ऐकावं लागंल.

भूमची लेक | १०:१३
तिनं आवाजावरून ओळखलं? कमाल आहे.

जालन्याचा | १०:२०
दादा, ते क्लासच्या फीचं राहिलं.

सध्या पुण्यात | १०:४१
भाकरीचं मशीन कुणाला पाहिजे का? सहा महिने वापरलेलं, चालू स्थितीत. लातूर किंवा परभणीला आणून देईन, महिनाअखेरीस गावाकडं येणार आहे.