एकटेपणाने माणूस लवकर जातो, हे पटतं का?

शहापूरकर: पोरं पुण्या-बेंगळूरला आणि घरात म्हातारं माणूस एकटं, हे बेळगावात आता गल्लोगल्ली दिसतंय. आमच्या शेजारचे काका, काकू गेल्यापासून दुपारी चहात टोस्ट बुडवून भागवतात. बीपीच्या गोळ्या कधीच संपलेल्या. वहिनींना रिकामं पाकीट दिसलं म्हणून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये एकटेपणापायी जगात वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यू होतात असा अंदाज दिलाय. याला दुखणंच म्हणायला हवं.

निपाणीकर: नाही पटत. एकटेपणाने माणूस आजारी पडतो, की आजारी माणूस एकटा पडतो? आधी गुडघे जातात, मग देवळात जाणं सुटतं. आमच्याकडे बायका घोळक्यात बसून विड्या वळतात, गप्पांना तोटा नाही. तंबाखूची धूळ नाकात जायची थांबते काय? पेन्शन वेळेवर द्या, दवाखाना जवळ करा.

खानापूरची लेक: दादा, शंका रास्त आहे. पण अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, तीन लाखांवर माणसं. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्के जास्त निघाली, आणि सुरुवातीची तब्येत कशी होती यानेही हा कल बदलला नाही. सतत मनावर ताण राहिला की झोप उडते, रक्तदाब चढतो, शरीरात दाह वाढतो.

निपाणीकर: दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं नाही होत. माझी आत्या एकटी राहते, खुशाल आहे. भरल्या घरात कुणी विचारत नाही अशी माणसं जास्त खचलेली बघितलीत मी.

खानापूरची लेक: त्यांनीच २०१५ मध्ये हे वेगवेगळं मोजलं. एकटं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका २६ टक्के जास्त, माणसांशी संपर्क तुटलेल्यांत २९, एकटं राहणाऱ्यांत ३२. आत्यांचं मन रमत असेल, पण रात्री न्हाणीत पाय घसरला तर हाक कुणाला मारणार?

येळ्ळूरचा वारकरी: इथलं अजून एक. कानडी कागद हातात पडला की आमच्या म्हाताऱ्या दवाखान्यातून तशाच परत येतात. सोबत वाचून सांगणारं कुणी असेल तरच औषध सुरू होतं. हरिपाठाला रोज येणारा दोन दिवस दिसला नाही, तर आमचे टाळकरी त्याच्या दारात जातात. पेन्शन जाईल काय त्याच्या दारात?

निपाणीकर: जाऊ देत की, चांगलंच आहे. पण टाळकरी दारात पोचले आणि माणूस छाती धरून बसलेला असला, तर पुढे न्यायचं कुठं? गावात डॉक्टर रोज बसू दे, त्यासाठी सही मागा, पहिली माझी.