घरच्या घरी रेझिस्टन्स बँडवर खरोखर ताकद वाढते का?

जुळे सोलापूरची शिक्षिका:
नमस्कार. माझे वय ५१ असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. नुकत्याच झालेल्या तपासणीत हाडांची घनता थोडी कमी झाल्याचे आढळले आणि नुसते चालणे पुरेसे नाही, स्नायूंना जोर लावणारा व्यायाम सुरू करा, असे डॉक्टरांनी सांगितले. शाळा सकाळच्या सत्रात असते आणि संध्याकाळी सासूबाईंना एकटे सोडता येत नाही, त्यामुळे जिमला जाणे शक्य नाही. घर दोन खोल्यांचे असल्याने लोखंडी वजने ठेवायला जागा नाही. साधारण दोन हजार रुपयांत बसेल असे साहित्य मला घ्यायचे आहे. रबरी बँडने ताकद खरोखर वाढते की तो फक्त हात-पाय मोकळे करण्यापुरता असतो? दुसरे असे की, पायांना पुरेसा जोर लागेल असे काय करावे आणि आपली प्रगती होते आहे हे कसे ओळखावे?

होम मैदान:
ताई, ताकद नक्की वाढते. स्नायूला आपण दगड उचलतो आहोत की रबर ताणतो आहोत हे कळत नाही; त्याला फक्त ताण कळतो. सेटच्या, म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवर्तनांच्या, शेवटी 'आता फार तर आणखी दोन-तीन वेळा जमेल' अशी अवस्था येत असेल, तर आठ आवर्तनांत दमला काय आणि पंचविसांत दमला काय, स्नायू वाढतोच. निव्वळ ताकद मात्र जड भाराने आणि कमी आवर्तनांत अधिक चांगली वाढते. त्यामुळे घरात बँडवर ती वीस वेळा सहज जमणारी हालचाल वर्षभर तशीच करत राहणे टाळायला हवे. बहुतेकांचा बँड 'काही उपयोग नाही' म्हणून माळ्यावर जातो तो याच कारणाने. त्यांनी भार कधी वाढवलेलाच नसतो.

बँडचा स्वभाव वजनापेक्षा वेगळा आहे. डंबेल हालचालीच्या सुरुवातीला जेवढा असतो तेवढाच शेवटीही असतो, बँड मात्र जितका ताणाल तितका जड होत जातो. म्हणून सुरुवातीच्या स्थितीतच तो किंचित ताणलेला असेल अशा बेताने उभे राहावे, नाहीतर अर्धी हालचाल फुकट जाते. परत येताना त्याने आपल्याला खेचून न नेता आपण त्याला दोन-तीन सेकंद रोखत सोडावे. निम्मे काम त्या परतीच्या वाटेवरच होते.

खरेदीबाबत सांगायचे तर, रंगावर विसंबू नका. एका उत्पादकाचा लाल बँड दुसऱ्याच्या हिरव्याइतका जड असू शकतो, आणि पाकिटावर छापलेले पौंडही एका ठरावीक ताणाचेच असतात. दांड्या असलेल्या नळीच्या बँडचा एक संच हातांच्या आणि पाठीच्या व्यायामाला पुरतो. त्याच्या जोडीला सुमारे ४१ इंच लांबीचा, अखंड वेटोळ्याचा एक रुंद बँड पायांसाठी घ्या. शक्य असल्यास एकावर एक थर देऊन बनवलेला लॅटेक्सचा (नैसर्गिक रबराचा) बँड निवडा, कारण तो सहसा एकदम तुटत नाही, आधी कडेचे थर सुटू लागतात आणि आपल्याला वेळीच इशारा मिळतो. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर मात्र लॅटेक्स नसलेले बँड मागावेत.

प्रगती मोजण्याची माझी पद्धत अशी: प्रवासी बॅग तोलण्याचा छोटा डिजिटल काटा बँडला अडकवून, व्यायामात जेवढा ताणतो तेवढाच ताणून आकडा पाहतो आणि वहीत तारखेसह लिहितो. दारापासून किती पावले मागे उभा होतो हेही लिहितो, कारण एक पाऊल मागे सरकले की भार बदलतो. ठरवलेल्या अंतरावर तीन सेटमध्ये प्रत्येकी बारा आवर्तने नीट जमली की थोडे मागे सरकायचे किंवा पुढचा बँड घ्यायचा आणि पुन्हा आठ आवर्तनांपासून सुरुवात करायची.

आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाकडे दुर्लक्ष करू नका. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, आणि ऊन, उष्णता व हवेतील ओझोन हे तिन्ही रबराचे शत्रू आहेत. गच्चीवर किंवा खिडकीच्या गजाला टांगलेला बँड एका उन्हाळ्यात चिकट होतो, नाहीतर त्याला भेगा पडतात. कापडी पिशवीत थोडी टाल्कम पावडर टाकून तो कपाटात ठेवावा, आणि व्यायामाआधी ताणून उजेडात पाहावा. बारीक चीर दिसली तर तो बँड लगेच बाद करावा.

तालमीतला:
बँडला माझा विरोध नाही, पण जोर-बैठकांना पैसाही लागत नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच, जड काठ्या, पेलणारे भक्त संक्रांतीच्या बरेच आधीपासून सराव सुरू करतात, तेव्हा कुठे ते ओझे मिरवणुकीत तोलता येते. शरीराला वेळ द्या आणि नियम मोडू नका. ताईंनी भिंतीला हात टेकून जोर मारण्यापासून सुरुवात करावी, मग ओट्यावर, मग जमिनीवर यावे. बैठका शंभरापर्यंत नेल्या तर पायांसाठी वेगळे काही घ्यावे लागणार नाही.

फिजिओथेरपिस्ट:
भिंतीपासून जमिनीपर्यंतचा जोरांचा क्रम उत्तम आहे. बैठकांबाबत मात्र मी थोडा असहमत आहे. शंभर बैठकांनी दमसास आणि चिवटपणा येतो, परंतु हाडांच्या दृष्टीने संख्येपेक्षा भार महत्त्वाचा असतो. म्हणून बैठकांची संख्या न वाढवता बैठकच जड करावी. एक पाय पुढे व एक मागे ठेवून केलेली बैठक साहित्याशिवायच जवळजवळ दुप्पट जड होते. नंतर शाळेच्या जुन्या दप्तरात दुहेरी कापडी पिशव्यांमधून ज्वारी भरावी. ती तोलता येते, एक-एक किलोने वाढवता येते आणि धक्का लागला तरी इजा करत नाही. दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरले, तर धड सरळ राहायला मदत होते. वेटोळ्याच्या बँडवर दोन्ही पाय ठेवून, पाठ सपाट राखत, कमरेतून वाकून उठण्याचा व्यायाम मांड्यांच्या मागच्या बाजूसाठी आणि नितंबांसाठी चांगला आहे.

दारात बँड अडकवताना, आपण ओढू तेव्हा दार बंदच होत जाईल अशा बाजूला उभे राहावे आणि कडी लावावी. दार आपल्या अंगावर उघडणारे असेल तर ती जागा वापरू नये. जुन्या घरांतल्या हलणाऱ्या चौकटीपेक्षा खिडकीचे पक्के गज बरे, फक्त गजाच्या धारेवर जाड टॉवेल गुंडाळावा. तोंडाच्या रेषेत बँड ताणून धरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस, सर्व मोठ्या स्नायूंसाठी असा व्यायाम सुचवला आहे. तुम्ही एक दिवसाआड तीनदा केलात तर अधिक चांगले. आहारात प्रथिने हवीतच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम लागतात. भाकरीबरोबरची शेंगाचटणी कामी येते, पण तेवढ्यावर भागत नाही. डाळ, उसळ, दही, आणि चालत असतील तर अंडी, यांची जोड द्यावी.

जुळे सोलापूरची शिक्षिका:
सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. मला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आणि जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. शिवाय सासूबाईंचे वय ७६ आहे. त्यांनाही माझ्याबरोबर काही करता येईल का?

फिजिओथेरपिस्ट:
रक्तदाब औषधाने आटोक्यात असेल तर हा व्यायाम करता येतो, परंतु जोर लावताना श्वास कोंडू नये. ढकलताना किंवा ओढताना श्वास सोडावा आणि परत येताना घ्यावा. गुडघ्यासाठी, खुर्चीवर टेकेपर्यंतच खाली जाणारी बैठक करावी आणि दुखणे सौम्य राहील एवढ्याच खोलीत थांबावे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी वेदना वाढली किंवा सूज आली, तर भार कमी करून गुडघा दाखवून घ्यावा.

हाडांची घनता कमी असताना पाठ गोल करून पुढे वाकणे, वाकूनच कंबर पिळणे आणि पोटासाठी पाठीवर झोपून उठून बसणे (सिट-अप) हे तीन प्रकार टाळा, कारण मणक्यांच्या पुढच्या भागावर त्यांचा दाब येतो. अहवालातला टी-स्कोअर (हाडांची घनता सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर दप्तराचे वजन वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना हा सगळा कार्यक्रम एकदा दाखवा.

सासूबाईंना बँडच्या आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणे शिकवा. खुर्ची भिंतीला लावलेली असावी, तुम्ही शेजारी उभ्या राहा, आणि सुरुवातीला त्यांनी टेबलाचा आधार घेतला तरी हरकत नाही. ते सलग दहा वेळा जमू लागले की, सर्वांत हलका बँड दोन्ही हातांत धरून बसल्या बसल्या छातीकडे ओढायला द्या.