खेबुडकर म्हणजे फक्त लावणी?

चंद्रभागा:
काल इथे सिनेगीतकार जगदीश खेबुडकर आणि गदिमा (ग. दि. माडगूळकर) यांच्याबद्दल एकाने लिहिलं, "गदिमा कवी होते, खेबुडकर नुसते लावण्या पाडणारे." वाचून डोकंच फिरलं. 'देहाची तिजोरी' कुणाचं? 'आकाशी झेप घे रे पाखरा' कुणाचं? 'धुंदी कळ्यांना' कुणाचं? आणि 'साधी माणसं'मधलं 'ऐरणीच्या देवा'? १९६५ सालचं आहे. लोहाराच्या घरातली ती पूजा एकदा नीट ऐका, मग बोला.

पेठेतला_पंत:
मीच लिहिलं होतं आणि ते मागे घेत नाही. खेबुडकरांचं नाव झालं ते १९६२च्या 'लवंगी मिरची' या लावणीने आणि १९७२च्या 'पिंजरा' सिनेमाने. निर्मात्याने मागायचं, यांनी द्यायचं. गदिमांच्या गीतरामायणाची छप्पन गाणी आहेत, त्या उंचीचं काही दाखवा.

चंद्रभागा:
गीतरामायण आकाशवाणीसाठी लिहिलं, इथे विषय सिनेमाचा आहे. आणि 'बुगडी माझी सांडली गं' कुणाची? गदिमांचीच ना? त्यांनी लिहिली की अभिजात, खेबुडकरांसारख्या कोल्हापूरकडच्या शाळामास्तराने लिहिली की बाजारू?

मिरजकर:
उंची नंतर मोजा. परवा आमच्याकडे जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता. निवेदक गायकाचं नाव घेई, संगीतकाराचं घेई, गीतकाराचं एकदाही नाही. मध्यंतरात जाऊन विचारलं, तर म्हणे लोकांना त्यात रस नसतो. इतका संताप आला की उठून घरी आलो.

फड_आणि_पड:
नावाचं सोडा, पैशाचं बघा. गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला स्वतःच्या नावावर लिहून घेता येणार नाही, असा कायदा २०१२मध्ये झाला. खेबुडकर २०११च्या मे महिन्यात गेले, गदिमा तर १९७७लाच. हयातीत दोघांना त्याचा काय उपयोग?

पेठेतला_पंत:
धागा भरकटवू नका. नाव घेतल्याने आणि पैसे मिळाल्याने दर्जा वाढत नाही.

मिरजकर:
नावच कानावर पडलं नाही तर दर्जा कुणाचा ठरवणार? आमच्या भजनी मंडळात निम्मे लोक 'देहाची तिजोरी' गदिमांचं समजतात. बाबूजींची (सुधीर फडक्यांची) चाल म्हणजे शब्द गदिमांचे, एवढंच यांना माहीत! तुमचं मतही असंच बनलंय.

पेठेतला_पंत:
माझ्या मतावर घसरू नका. 'देहाची तिजोरी' मोठं गाणं आहे, हे मी कधी नाकारलं? 'पिंजरा' मात्र मान्य नाही.

चंद्रभागा:
'कशी नशिबानं थट्टा आज मांडली' पण नाही? 'पिंजरा'तला तमाशाला विरोध करणारा मास्तर फडामागे फरफटत जातो, त्याची सगळी पडझड त्या एका गाण्यात आहे.

पेठेतला_पंत:
ते लावणीत मोडत नाही, म्हणून घेतो. तेवढं एकच.