सातबाऱ्यावर बायकोचे नाव: लावायचे कसे आणि लावून नक्की मिळते काय?

सोयाबीनवाली (परभणी जिल्हा)

नमस्कार. आमच्या कुटुंबाचे 7 एकर कोरडवाहू रान आहे. सासरे 2016 साली वारले, तेव्हा सातबाऱ्यावर सासूबाई, माझे यजमान आणि दीर अशी तीन नावे सामाईक लागली. नणंदबाईंनी हक्कसोडपत्र करून दिले. यजमान सहा वर्षांपासून चाकणला कंपनीत आहेत आणि दिरांचे परभणीत दुकान आहे, त्यामुळे पाळी घालण्यापासून मळणीपर्यंत रान मीच पाहते. बियाणे कोणते घ्यायचे, फवारणी कधी करायची, तुरीच्या किती ओळी टाकायच्या, हे सगळे आता माझ्यावरच असते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार कागदाची आहे. खताच्या दुकानात यंत्रावर आधारचा अंगठा लागतो, तो माझा चालतो. युरियाच्या दोन गोण्या देताना सातबारा कोणाचा हे दुकानदाराने मला आजवर विचारलेले नाही. मात्र ई-पीक पाहणी (उभ्या पिकाची मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंद) करायला बांधावर उभी राहिले, की ओटीपी जातो चाकणला. यजमानांचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो, ते सुटीत बाहेर येऊन आकडे सांगेपर्यंत मुदत संपलेली असते आणि मी सोयाबीनमध्ये फोन धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. मागच्या हंगामात तुषार संचाच्या अनुदानाची चौकशी करायला एका कार्यालयात गेले, तर समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, ‘खातेदार कोण? त्यांना पाठवून द्या.’

यजमान माझे नाव लावायला आनंदाने तयार आहेत. गावात मात्र तीन तऱ्हा ऐकायला मिळतात: कोणी म्हणते साध्या अर्जावर नाव लागते, कोणी म्हणते बक्षीसपत्रच करावे लागते, आणि एका नातेवाइकांचे म्हणणे असे, की बाईचे नाव लागले की पुढे कर्जाला अडचण येते. यातले खरे कोणते? आणि नाव लागल्यावर माझ्या हातात नक्की काय येते?

---

चावडी (निवृत्त महसूल कर्मचारी, लातूर)

ताई, माझी बहुतेक नोकरी तलाठी म्हणून झाली. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे. तुमच्या गावातल्या पहिल्या दोन्ही तऱ्हा खऱ्या आहेत, फक्त त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

साध्या अर्जाचा मार्ग म्हणजे लक्ष्मी मुक्ती. शासनाचे 1992 सालचे परिपत्रक आहे. त्यानुसार पतीने स्वेच्छेने अर्ज दिला, तर त्याच्या खात्याच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावता येते आणि त्यासाठी नोंदणीकृत दस्ताची अट नाही. अर्ज आला की फेरफार (नोंदीतला बदल) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. खर्च जवळपास नाहीच. तरीही माझ्या हयातीत असे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, आणि त्यातले दोन तर नवऱ्याने कोणाच्या तरी भाषणाच्या भरात दिलेले होते. फेरफार मंजूर होण्याआधीच ते मागे घ्यायला आले.

तुमच्या बाबतीत अडचण ही, की यजमानांचे स्वतंत्र खातेच नाही. सामाईक खात्यात त्यांचा हिस्सा कोणता, हे आधी कागदावर यायला हवे. तेव्हा सासूबाई आणि दीर यांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 प्रमाणे वाटप करून घ्या, म्हणजे यजमानांचे खाते वेगळे होईल आणि त्यावर तुमचे नाव लावणे सरळ जाईल.

दुसरे, सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती महसूल वसुलीसाठी असते, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. उद्या वाद झाला, तर नुसत्या नोंदीवर तुमची मालकी सिद्ध होईल, असे धरून चालू नका. पक्की मालकी हवी असेल, तर यजमानांनी स्वतःच्या हिश्श्याचे, निदान त्यातल्या काही क्षेत्राचे, नोंदणीकृत बक्षीसपत्र तुमच्या नावे करावे. शेतजमीन पत्नीला बक्षीस द्यायची, तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. बाकी नोंदणीचा आणि लिहिणावळीचा खर्च वेगळा.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण तीच सर्वांत जास्त फसवते. नाव लागले असे कोणी सांगितले, की सातबारा हातात घेऊन ते कुठे लागले हे पाहायचे. भोगवटादाराच्या रकान्यात लागले, तर तुम्ही खातेदार. ‘इतर हक्क’ या रकान्यात लागले, तर विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या पंगतीला बसलात. आमच्या पिढीत असंख्य आया आणि बहिणी त्या रकान्यात लिहिल्या गेल्या. मीही लिहिल्या आहेत.

कर्जाचे म्हणाल, तर सध्या पीककर्जाचा बोजा असेल तर बँकेला आधी विचारा. पुढच्या कर्जाला दोघांच्या सह्या लागतील. याला अडचण म्हणायचे की राखण, ते तुम्ही ठरवा.

---

ओटीतला कापूस (यवतमाळ जिल्हा)

काकांनी नियम नीट सांगितले आहेत. मी एका महिला गटाचे काम करते, तिथून दिसते ते लिहिते.

आमच्याकडे ही चर्चा बहुतेक वेळा नवरा गेल्यावर सुरू होते आणि तोवर फार उशीर झालेला असतो. आमच्या गटातली एक बाई कापूस वेचत होती, ओटी अर्धी भरली होती, तेव्हा तिला शेतातच निरोप आला. शासनाच्या शेतकरी आत्महत्येच्या मदतीत 1 लाख रुपये मिळतात, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. ते मिळवायला सातबारा लागला, आणि सातबारा होता सासऱ्याच्या नावावर. बारा वर्षे जिने निंदण केले, डवऱ्यामागे चालली, पऱ्हाटी उपटली, तिचे नाव त्या कागदावर नव्हतेच, पण तिच्या नवऱ्याचेही नव्हते. सासरा म्हणाला, पोरगाच राहिला नाही तर तुझा काय संबंध.

संबंध असतो. जमीन वडिलोपार्जित असेल, तर तिच्यात नवऱ्याचा जो हिस्सा होता, त्याला विधवा ही वर्ग 1 ची वारस आहे. जमीन सासऱ्याची स्वकष्टार्जित असेल, तर तो असेपर्यंत काही मागता येत नाही. पण त्याने मृत्युपत्र केले नसेल, तर त्याच्या पश्चात आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून ती वारस ठरते. कायदा इतका स्पष्ट असूनही त्या बाईला वारस नोंदीसाठी तीन वर्षे फिरावे लागले, कारण दर वेळी तिला कोणाबरोबर तरी जावे लागे आणि बरोबर येणारा त्याच घरातला असे.

म्हणून ताई, यजमान तयार आहेत, सासूबाई आणि दीर बोलत आहेत, एवढ्यातच हे उरकून घ्या. शेतकरी ओळख क्रमांकही खातेदारालाच मिळतो आणि आता बहुतेक योजना त्यावरच चालतात. कृषी यंत्रांच्या अनुदानात महिलांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के असा फरक आहे (अल्पभूधारक पुरुषांनाही 50 टक्केच मिळते), पण तो घेण्यासाठी आधी महिला म्हणजे कागदावरची शेतकरी असावी लागते. देशाच्या 2015-16 च्या कृषी गणनेत महिला खातेदार सुमारे 14 टक्केच होत्या. निंदणाच्या दिवसांत आमच्या गावच्या कोणत्याही बांधावर उभे राहून पाहिले, तर हा आकडा कोणाला खरा वाटणार नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली जिल्हा)

मी थोडे वेगळे मत मांडतो. ताईंनी गैरसमज करून घेऊ नये.

माझ्या आजीच्या नावावर 9 एकर बागायत होती. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा 1961 साली आला, तेव्हा आजोबांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावावर रान वाटून टाकले आणि आजीलाही वाटा आला. ती वारल्यावर वारस नोंद करताना आम्हाला ते कळले, आणि माझी खात्री आहे, की तिला ते कधीच कळले नव्हते. तिचा अंगठा होता, सातबारा होता, भोगवटादाराच्या रकान्यात नाव होते. मात्र बाजाराला जायचे झाले, की ती आजोबांकडे पैसे मागायची. म्हणून नुसत्या नावाला मी फार महत्त्व देत नाही. कागद कोणाच्या सोयीसाठी केला, यावर त्याचा उपयोग ठरतो.

लक्ष्मी मुक्तीचा मूळ विचार याहून मोठा होता, हेही सांगायला हवे. शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन नोव्हेंबर 1986 मध्ये झाले. त्यातून पुढे आलेल्या लक्ष्मी मुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपण होऊन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करावा, असे आवाहन संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी केले होते. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे नाव त्या काळात खूप गाजले. तो तुकडा तिचा, त्यात काय पेरायचे हे तिने ठरवायचे, असा त्यामागचा भाव होता. शासनाच्या परिपत्रकात त्याचे ‘सहखातेदार’ झाले. सहखातेदार ही वाईट गोष्ट नाही, पण जोडनाव लागलेल्या रानात कोणता निर्णय कोणाचा, हे पुन्हा घरातल्या जुन्या वजनावरच ठरते.

आमच्याकडे ऊस आहे. ऊसनोंद माझ्या नावाने, कारखान्याचा सभासद मी, बिल माझ्या खात्यात. भांगलण करायची बायकांनी आणि पाणी पाजायचे गड्याने, दोघांनी दिवसभर राबायचे, पण हजेरी (रोजची मजुरी) एकीची कमी आणि दुसऱ्याची जास्त, आणि ती वाटतो मी. हे मी अभिमानाने सांगत नाही. सातबाऱ्यावर माझ्या पत्नीचे नाव सहा वर्षांपासून आहे आणि या सगळ्यात तसूभरही फरक पडलेला नाही, कारण पैसा ज्या वाटेने येतो ती वाट आम्ही बदललीच नाही. ताईंना माझे सांगणे एवढेच, की नाव जरूर लावा, पण त्याच महिन्यात आडतीवर माल घालताना पट्टी (विक्रीची पावती) स्वतःच्या नावाने फाडायला सांगा आणि ती रक्कम स्वतःच्या खात्यावर घ्या. घरात खरी कुरबूर तिथे सुरू होईल. आणि पीएम किसानचा हप्ता दुप्पट होईल, अशी आशा ठेवू नका. तिथे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एकच कुटुंब धरतात.

---

सोयाबीनवाली (परभणी जिल्हा)

तिघांचेही आभार. तुमचे वाचून परवा घरी बोलणे काढले. यजमान फोनवर होते, सासूबाई आणि दीर समोर. वाटपाला दीर तयार आहेत. पट्टीचा विषय काढल्यावर मात्र दोन मिनिटे कोणी बोलले नाही, तेव्हा कृष्णाकाठ दादांचा अंदाज बरोबर निघाला. शेवटी ठरले ते असे, की रस्त्याकडचे दीड एकर यजमान वाटपानंतर मला बक्षीसपत्राने देतील, तिथली पट्टी माझ्या नावाने फाटेल, आणि उरलेल्या त्यांच्या हिश्श्यावर माझे नाव सहखातेदार म्हणून लागेल.

पण सासूबाई मध्येच एक वाक्य बोलून गेल्या आणि ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, ‘सुनेला देताय ते बरेच आहे, लेकीचे काय केले होते ते आठवते ना?’

आठवते. नणंदबाईंनी हक्कसोडपत्रावर सही केली, त्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून सगळे आमच्याच घरी जेवायला आले होते. पुरणपोळी मी केली होती, साडीही मीच निवडली होती, मोरपंखी, काठाची. त्यांनी ती लगेच नेसून दाखवली. त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या माहेरी माझ्याही पुढे तसाच कागद आला आणि मीही एका साडीवर सही करून आले. भावाशी वाकडेपणा नको, माहेर तुटायला नको, हेच तेव्हा डोक्यात होते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे मला तेव्हाही माहीत होते. म्हणजे माहेरच्या रानातून माझे नाव मीच काढून दिले आणि आता सासरच्या रानात ते लावायला इथे विचारत बसले आहे.

यजमानांना मी म्हटले, की वाटपाच्या आधी नणंदबाईंचे नाव परत घेता येत असेल तर पाहू. ते नाही म्हणाले नाहीत. चावडी काका, झालेले हक्कसोडपत्र मागे घेता येते का?

---

चावडी (निवृत्त महसूल कर्मचारी, लातूर)

नोंदणीकृत हक्कसोडपत्र नुसते मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल, तर दिवाणी न्यायालयात जावे लागते, मुदतीचा प्रश्न येतो, आणि तुमच्या घरात तसे काही झालेले दिसत नाही.

मार्ग एकच, भावांनी किंवा आईने स्वतःच्या हिश्श्यातले काही क्षेत्र तिला बक्षीसपत्राने द्यावे. सासूबाईंनी दिले तर ते आईने मुलीला दिलेले होईल, त्याला तुमच्यासारखेच 200 रुपये मुद्रांक शुल्क लागेल. भावांनी दिले, तर बहीण त्या सवलतीत बसत नाही आणि बाजारमूल्याच्या 3 टक्के भरावे लागतात. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीतला हक्क भावाला फुकट सोडून दिला, तर त्या कागदाला मात्र नाममात्र शुल्कच पडते.

तेव्हा आधी वाटप करा, त्यात सासूबाईंचा हिस्सा वेगळा काढा, आणि मग त्यांना घेऊन दुय्यम निबंधकांकडे जा. जाताना त्यांचा मूळ आधार बरोबर ठेवा. वयामुळे यंत्रावर अंगठा उमटत नाही असे पुष्कळदा होते, म्हणून सकाळी लवकर जा.