फॅटी लिव्हर: सोनोग्राफीच्या ग्रेडपलीकडे

जालन्यातील आपल्या पन्नाशीच्या भावाच्या सोनोग्राफी अहवालात ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आल्यामुळे बायोप्सी (सुईने यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणे) करावी का, असा प्रश्न एकाने विचारला आहे. सोनोग्राफीतील ग्रेड हा यकृतातील चरबीचा अंदाज असतो. पुढील धोका मात्र चरबीपेक्षा फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात साचलेल्या व्रणासारख्या कठीण ऊतींवर, अधिक अवलंबून असल्याचे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यासाठी प्रथम ‘फिब-४’ हा निर्देशांक काढतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्ततपासणीत मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स आहेत. वय आणि एसजीओटी यांच्या गुणाकाराला प्लेटलेट्स (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. आपल्याकडील प्रयोगशाळा प्लेटलेट्स लाखांत लिहितात, त्यामुळे अडीच लाख असतील तर २५० धरावेत. गफलत बहुधा इथेच होते. वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट्स अडीच लाख असल्यास उत्तर १ येते. ते १.३ पेक्षा कमी असल्याने गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी ठरते. त्याहून जास्त आल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कठीणपणा बाहेरून मोजणारी तपासणी) करतात आणि तरीही शंका उरली तरच बायोप्सीचा विचार होतो. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरली जाते. मधुमेह असल्यास हा हिशेब दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावा.