मेंटलिस्टने आईला गेलेल्या मामाचं घरचं नाव सांगितलं, आता ती ११ हजार भरायला निघालीये. हे नक्की कसं करतात?

सुदामानगर_वाला

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा प्लीज, शनिवारी पैसे भरायचेत म्हणून घाई आहे.

मागच्या रविवारी ओळखीतल्या एका जोडप्याच्या लग्नाचा २५ वा वाढदिवस होता, इंदूरलाच, बायपासकडच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. जेवणाच्या आधी तासभर एका मेंटलिस्टचा, म्हणजे मनातलं ओळखून दाखवणाऱ्याचा, शो ठेवला होता. आधी पत्ते, मग एका मुलाच्या मोबाईलचा पिन ओळखला, इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवत होते. मग म्हणाला की इथे एक बाई आहेत ज्यांच्या मनात आज त्यांचा भाऊ आहे, आणि सरळ माझ्या आईला उभं केलं. दोन मिनिटं डोळे मिटायला लावले आणि मामाचं नाव सांगितलं, पाळण्यातलं नाही, घरचं. ते नाव आजी, आई आणि मावशी सोडून कोणी घेत नव्हतं, फेसबुकवर तर सोडाच, मामीलासुद्धा लग्नानंतर वर्षभराने कळलं होतं. मामा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमध्ये गेला, आईला शेवटचं बघताही आलं नाही. ती तिथे सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली.

स्टेजवर हा माणूस सांगत होता की हे सगळं बॉडी लँग्वेज आणि सायकॉलॉजी आहे. पण जेवताना त्याचा माणूस आईजवळ आला, कार्ड दिलं आणि हळूच म्हणाला की सरांना वरचंही कळतं, भावाचा काही निरोप असेल तर पर्सनल सेशन घ्या, ११ हजार. तेव्हापासून आईचं एकच चाललंय. मी म्हटलं काहीतरी सेटिंग असेल तर म्हणते सेटिंग कोणाशी, माझ्याशी? यावर माझ्याकडे उत्तर नाही. बायको म्हणते त्याचीच माणसं बसवलेली असतात, पण माझी आई काही त्याने बसवलेली नव्हती ना. शिवाय आईचं म्हणणं, टीव्हीवर इतक्या लोकांसमोर दाखवतात, तिथे खोटं कसं चालेल.

कोणाला यातलं माहीत असेल तर सांगा, आणि आईला न दुखावता कसं सांगायचं तेही सांगा.

पत्त्यांचा_डाव

दादा, मी कॉलेजपासून जादू करतो, छोटे घरगुती शो, बर्थडे वगैरे, त्यामुळे थोडं सांगू शकतो. सगळं उघडं करणं आमच्यात बरं मानत नाहीत पण इथे एका बाईंच्या दुःखावर पैसे मागितलेत, मग मी गप्प बसणार नाही.

पहिली गोष्ट, "बॉडी लँग्वेजवरून ओळखलं" हे वाक्य हाच ट्रिकचा भाग असतो. चेहरा बघून माणूस घाबरलाय की खोटं बोलतोय याचा अंदाज बांधता येईल एक वेळ, पण चेहरा बघून नाव वाचता येत नाही, कोणालाच नाही. नाव कुठून तरी त्याच्यापर्यंत पोचलंच पाहिजे. आणि मुख्य काम शो सुरू व्हायच्या आधी होतं, आमच्यात त्याला प्रीशो म्हणतात. गेटवर, वेलकम ड्रिंकच्या काउंटरवर कोणीतरी गोड बोलून लोकांकडून काहीतरी लिहून घेतं. प्रेक्षकांना वाटतं आत्ता मनात आलं आणि आत्ताच ओळखलं, ज्याने लिहिलं त्याला ते लिहिणं इतकं क्षुल्लक वाटतं की तो नंतर सांगतही नाही.

आईंना विचारा, शोच्या आधी कोणी चिठ्ठी लिहायला सांगितली होती का? आणि ती चिठ्ठी अजून असेल तर उघडून बघा. माझा अंदाज, ती कोरी निघेल, हातचलाखीने बदललेली असेल.

सुदामानगर_वाला

अंगावर काटा आला. विचारलं. आधी नाहीच म्हणाली, मग म्हणाली हो, ती मुलगी होती ना पनं देत होती तिथे, तिने सांगितलं काकू आज जो माणूस इथे असायला हवा होता असं वाटतं त्याचं नाव लिहा, घडी घाला आणि पर्समध्येच ठेवा, कोणाला दाखवू नका, उघडू पण नका, शुभ असतं. आईने ती चिठ्ठी देवघरात ठेवलीये!

पण भाऊ तुमचा अंदाज चुकला. आज संध्याकाळी तिच्या परवानगीने उघडली, नाव आहे, तिच्याच अक्षरात. आता ती म्हणते बघ, चिठ्ठी माझ्या पर्समधून हललीच नाही, मग त्याला कसं कळलं? माझी केस आणखी कमजोर झाली.

रामबागेतली_काकू

मी ३१ वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, म्हणून लिहिते.

तुमच्या आईंचं चुकलंय असं आधी मनातून काढून टाका. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला "तुझा स्वतःचा" म्हणून निकाल दिला, निकाल किती बरोबर आहे त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. आणि सगळ्यांना दिलेला मजकूर शब्दन् शब्द एकच होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ही कॉलेजात शिकणारी हुशार मुलं होती. मी दर वर्षी वर्गात हा प्रयोग करायचे आणि दर वर्षी मुलं म्हणायची मॅडम अगदी माझंच लिहिलंय.

पण इथे ते कारण नाही, कारण "तुमच्या मनात एक जवळचा माणूस आहे" हे मोघम झालं, नाव मोघम नाही. म्हणून मला एकच विचारायचंय. ती चिठ्ठी आईंनी कशावर ठेवून लिहिली? तळहातावर कागद ठेवून कोणी लिहीत नाही.

आणि एक आठवलं ते सांगते. पीटर पॉपॉफ नावाचा एक धर्मोपदेशक अमेरिकेत भर सभेत अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार सांगायचा, लोकांना वाटायचं देव सांगतोय. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की कानातल्या यंत्रात त्याची बायको सांगत होती, आणि ती सांगत होती सभेआधी लोकांनीच भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरून. तुमच्या चिठ्ठीत आणि त्या कार्डात मला तरी फरक दिसत नाही.

खंडवारोड_२२

मला जरा वेगळं वाटतं. तासभर लोकांनी आनंद घेतला, तुम्ही नाटकाला जाता तेव्हा स्टेजवर मेलेला माणूस नंतर हात जोडायला येतो तर फसवलं म्हणता का? सुहानी शाहसारखे कलाकार स्वतः सांगतात की ही कला आहे, चमत्कार नाही, मग सगळ्यांनाच एका मापाने का मोजायचं. आमच्या ऑफिसच्या ॲन्युअल डेला पण असा शो झाला होता, खूप मजा आली, कोणाचं काही वाईट झालं नाही. अशाने कलाकारांना कोणी बोलावणार नाही.

पत्त्यांचा_डाव

खंडवारोड भिया, कलेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, मी स्वतः तीच करतो. पण नाटकातला माणूस नंतर तुमच्या घरी येऊन म्हणत नाही की मी खरंच मेलो होतो, वरचं सांगतो, ११ हजार द्या. स्टेजवर सायकॉलॉजी आणि जेवणाच्या टेबलाशी वरचा निरोप, माझा राग त्या दोन भाषांवर आहे.

आणि काकूंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं, माझ्या लक्षातच आलं नाही. चिठ्ठी बदलायची गरजच नाही. हाताखाली द्यायला खास पॅड मिळतात, वरून साधं रायटिंग पॅड किंवा डायरी दिसते, आत लिहिलेल्याचा ठसा उमटतो. चिठ्ठी तुमच्याकडेच राहते, पॅड परत जातं. म्हणून तर "कोणाला दाखवू नका" सांगतात, म्हणजे माणूस छातीठोक सांगतो की कागद माझ्याकडेच होता.

एडिट_टेबल

टीव्हीचं मी सांगते. मी मूळची इंदूरची, मुंबईत सहा वर्षं रिॲलिटी शोच्या एडिटवर होते, नाव कुठलंच घेणार नाही.

तुमच्या आईंना सांगा की ते "लाखो लोकांसमोर" होत नाही, ते रेकॉर्ड होतं आणि दिवसभराच्या शूटमधून तासाभराचा एपिसोड निघतो. प्रेक्षकांच्या टाळ्या, तोंडावर हात, डोळ्यात पाणी हे आम्ही बऱ्याचदा आधीच वेगळं घेऊन ठेवायचो, फ्लोअरवरचा माणूस सांगायचा आता हसा, आता चकित व्हा, आता उभे राहा, आणि मग ते मला हवं तिथे मी लावायचे. जज जे ऐकून रडताना दिसतो ते तो त्या क्षणी ऐकतच असेल असं नाही. वाक्यंसुद्धा जोडली जातात, सकाळचं अर्धं आणि रात्रीचं अर्धं, मध्ये दुसऱ्याचा चेहरा दाखवला की जोड दिसत नाही. ऑडिशनच्या रांगेतली मुलं पहिल्या दिवशी जजसमोर जातच नाहीत, आधी प्रॉडक्शनची माणसं दोन-तीन राउंड घेतात, आणि फॉर्ममध्ये घरातल्या सगळ्यात दुःखाच्या प्रसंगाचा एक रकाना असायचा. तो रकाना आमच्याकडे आवाजाइतकाच बारकाईने वाचला जायचा. वडील अचानक स्टेजवर येतात आणि मुलगी कोसळते, ते वडील दोन दिवस आधीपासून हॉटेलात असायचे. मुलीला खरंच माहीत नसायचं, तिचे अश्रू खरे होते, आणि मला त्रास त्याचाच जास्त व्हायचा, खऱ्या अश्रूंसाठी आम्ही सापळा लावायचो.

हे मीच म्हणतेय असं नाही. आपल्या खंडव्याच्या किशोरदांच्या नावाने २०२१ मध्ये एका मोठ्या गाण्याच्या शोमध्ये खास भाग झाला, तेव्हा त्यांचे चिरंजीव अमितकुमार यांनी नंतर उघड सांगितलं की सगळ्या मुलांची स्तुती करा असं त्यांना सांगण्यात आलं होतं. आणि हे टीव्हीइतकंच जुनं आहे, अमेरिकेत १९५६ मध्ये "ट्वेंटी वन" नावाच्या क्विझमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच देत होते, जिंकणारा चार्ल्स व्हॅन डोरेन १९५९ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीसमोर सगळं कबूल झाला, मग १९६० मध्ये तिथे क्विझमध्ये अशी लबाडी करणं कायद्याने गुन्हा झालं.

मेंटलिस्टचं टीव्हीवरचं उदाहरण हवं असेल तर डेरेन ब्राउन. २००८ मध्ये त्याने कॅमेऱ्यासमोर, न कापता, सलग दहा वेळा नाणं उडवून दहाही वेळा छापा आणून दाखवला. १०२४ मध्ये एकदा घडेल अशी गोष्ट. आणि मग त्यानेच सांगितलं की तो नऊ तास नाणं उडवत होता, जमलं तेवढंच तुम्हाला दाखवलं. मला तो माणूस आवडतो कारण त्याने ते सांगितलं. बाकीचे नऊ तास कधीच दाखवत नाहीत.

सुदामानगर_वाला

आत्ताच आईशी बोललो, स्पीकरवर मावशी पण होती. हो, पॅड होतं! "जाड होतं, काळं, ती मुलगी म्हणाली काकू उभ्यानं कसं लिहाल, हे घ्या." परत घेतलं का विचारलं तर म्हणाली घेणारच ना, तिचंच होतं. हे बोलून आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, तरीही तू हे सिद्ध करू शकत नाहीस. आणि ते खरंय, पॅड माझ्याकडे नाही. काय करू?

रामबागेतली_काकू

सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाहीच, पैसे मागणाऱ्यावर आहे. युरी गेलर मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो म्हणायचा, १९७३ मध्ये त्याला अमेरिकन टीव्हीवर जॉनी कार्सनच्या शोमध्ये बोलावलं. कार्सन स्वतः तरुणपणी जादू करायचे, त्यांनी रँडीला विचारलं काय काळजी घेऊ, रँडीने सांगितलं सामान तुमचं वापरा आणि शोच्या आधी त्याला किंवा त्याच्या माणसांना हात लावू देऊ नका. बस, एवढंच. वीसेक मिनिटं गेली, गेलरला काहीही जमलं नाही, म्हणाला आज ताकद वाटत नाहीये. पुढे रँडीच्या संस्थेने १० लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं, ठरलेल्या अटींमध्ये शक्ती दाखवा आणि घेऊन जा. २०१५ पर्यंत कोणालाही ते मिळालं नाही.

तर तुम्ही एवढंच करा. चिठ्ठी आईंनी घरी लिहायची, तुमचा कागद, तुमचं पेन, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. बंद पाकिटात घालून न्यायची आणि त्याच्या माणसाला आधीच कळवायचं. आणि ही परीक्षा आईंनाच ठरवू द्या, तुम्ही ठरवलीत तर ती तुमच्या दोघांतली भांडणं होतील.

एक आणखी. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रापुरता आहे, इंदूरला त्याच्यावर विसंबू नका. पैसे गेल्यावर भांडण्यापेक्षा आधी थांबणं बरं.

खंडवारोड_२२

वरचं सगळं वाचून मत थोडं बदललं. शो ठीक, पण ते कार्ड देणं चुकीचं. आमच्या ऑफिसच्या शोच्या आधी गूगल फॉर्म भरून घेतला होता, आवडता रंग, बालपणीचा मित्र वगैरे, आत्ता आठवलं.

सुदामानगर_वाला

शुक्रवार रात्र. सगळ्यांचे आभार, काय झालं ते सांगतो.

आईनेच फोन केला, मी बाजूला बसलो होतो. तिने शांतपणे सांगितलं की मी माझ्या भावाचं एक वाक्य घरून लिहून आणते, पाकीट बंद असेल, सरांनी ते सांगितलं की लगेच पैसे देते. तो माणूस म्हणाला मॅडम घरून लिहिलेलं चालत नाही, एनर्जी येत नाही, इथेच आमच्यासमोर लिहावं लागतं. आईने विचारलं, तुमच्याच पॅडवर का? तर तो म्हणाला कसलं पॅड, आणि मग सर बिझी आहेत, नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. आता तीन तास झाले, काही कळवलेलं नाही.

आई बराच वेळ तशीच बसून होती. मग म्हणाली, त्या दिवशी ते नाव मोठ्याने ऐकलं ना, चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मोठ्याने घेतलं रे, म्हणून रडले मी. आणि आम्ही घरात कोणी मामाचा विषयच काढत नव्हतो, आईला त्रास होईल म्हणून.

उद्या मावशी देवासहून येतेय. आईने मामाचे फोटो काढून ठेवलेत, चिठ्ठी परत देवघरातच ठेवलीये, मी काही म्हटलं नाही. ११ हजार भरलेले नाहीत.