सल्ला हवा : ज्येष्ठांसह पायी द्राक्षबाग आणि स्पार्कलिंग वाइनचे तळघर, गंगापूर की दिंडोरी?

निफाडची_सून :
नमस्कार. जानेवारीत सासूबाई आणि सासरे आमच्याकडे नाशिकला येणार आहेत. सासऱ्यांनी निफाडला आयुष्यभर थॉमसनच्या, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांच्या बागा सांभाळल्या. आता वाइनची द्राक्षे आणि विशेषतः फसफसणारी, म्हणजे स्पार्कलिंग वाइन कशी तयार होते, हे माहीतगार माणसासोबत चालत पाहावे अशी त्यांची इच्छा आहे. सासूबाई वाइन घेत नाहीत. दोघेही तासभर सावकाश चालू शकतात. कोणत्या बाजूला जावे आणि दिवसात किती ठिकाणे पाहावीत?

सावरगाव_रस्ता :
ताई, दिवसात एकच वाइनरी नीट पाहावी, असा माझा आग्रह राहील. तीन ठिकाणी चाखत फिरणाऱ्याच्या लक्षात शेवटी फक्त पेले राहतात. तुम्हाला गंगापूर धरणाची बाजू सोयीची आहे. सुला तिथेच आहे आणि २०२१ मध्ये सुलानेच विकत घेतलेली यॉर्कही जवळच आहे. नोंदणी करताना मात्र बागेतून चालत फेरी होणार का आणि स्पार्कलिंगचा विभाग दाखवणार का, हे दोन्ही स्पष्ट विचारून घ्यावे, कारण नेहमीची फेरी बहुतेक टाक्या, पिंपे आणि चाखणी यांतच संपते.

जानेवारी योग्य आहे, पण उशीर करू नये. स्पार्कलिंगची द्राक्षे आंबटपणा टिकावा म्हणून साधारण १८-१९ ब्रिक्सलाच (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप), म्हणजे इतर वाइनच्या द्राक्षांच्या आधी उतरवतात; त्यामुळे काही प्लॉट रिकामे झालेले असतील आणि शेजारी लाल जातींचे घड अजून वेलीवर असतील. सासऱ्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. थॉमसनसारखे घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकात बुडवून मणी फुगवणे इथे नसते. मणी लहान, जाड सालीचे आणि बिया असलेलेच हवे असतात.

आतली प्रक्रिया अधिक रंजक आहे. तयार वाइनमध्ये लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, मग त्याच बाटलीत ती पुन्हा आंबते आणि वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने आतला दाब सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या दुपटीहून पुढे जातो. पुढे काही महिने किंवा वर्षे मृत यीस्टच्या गाळावर ठेवून, बाटल्या हळूहळू उलट्या करत तो गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि झाकण उघडले की बर्फाचा खडा आतल्या दाबानेच बाहेर उडतो. हे काम रोज चालत नाही; ते कोणत्या दिवशी असेल, हे आधी विचारून त्याप्रमाणे तारीख ठरवावी. आपल्याकडची ‘तळघरे’ बहुधा जमिनीखालची नसून थंड ठेवलेली दालने असतात, म्हणून सासूबाईंसाठी शाल जरूर न्यावी.

दिंडोरीकर :
वरील सल्ल्याशी मी बव्हंशी सहमत आहे, पण केवळ स्पार्कलिंगच पाहायची असेल तर दिंडोरीचा विचार अवश्य करावा. शाँदों या फ्रेंच कंपनीने २०१३ मध्ये भारतातली वाइन बाजारात आणली, तिचा कारखाना दिंडोरी तालुक्यात आहे आणि भर याच प्रकारावर आहे. मात्र भेटीची परवानगी आधी मिळाली तरच निघावे.

कोठेही गेलात तरी शनिवार-रविवार टाळावा. गर्दीत मार्गदर्शकाला प्रश्न विचारता येत नाहीत आणि सासऱ्यांचे प्रश्न पुष्कळ असणार. तारीख ठरवण्यापूर्वी त्या दिवशी ड्राय डे नाही ना, हे पाहावे. सोबत मुले असतील तर राज्यात वाइनसाठी २१ वर्षांची अट आहे. गाडी चालवणाऱ्याने चाखणी घेऊ नये.

निफाडची_सून :
दोघांचेही आभार. सकाळची वेळ आणि आठवड्यातला मधला दिवस धरून गंगापूरच्या बाजूलाच, सावरगाव रस्त्यावर चौकशी करते. मान गोठवण्याचे काम कधी असते, हा प्रश्न पहिला विचारीन.